परदेशात मोटरसायकल चालवण्यापूर्वी: परवाना, गाडीचे कागद, विमा आणि 'आधी कोण'चा नियम

व्हिएतनाममध्ये दुचाकी भाड्याने घ्यायची तर बहुतेक ठिकाणी पासपोर्ट आणि थोडी अनामत एवढ्यावर काम होतं. दुकानदार परवाना मागत नाही, मागितला तर वरवर बघतो आणि किल्ली देतो. हनोईच्या उत्तरेला 'हा जांग' नावाच्या डोंगराळ भागात फिरून आलेली आपली मुलं बेळगावात परतली की हेच सांगतात: काही लागत नाही, नुसते पैसे लागतात. पण पन्नास सीसीच्या वरची गाडी चालवणारा भारतीय पर्यटक तिथल्या कायद्याने विनापरवाना असतो. आपल्या आरटीओतून रीतसर काढलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट खिशात असलं तरीसुद्धा.

हे असं का, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण बाकीची निम्मी तयारी त्यातूनच उलगडते.

दुसऱ्या देशाचा परवाना मानायचा की नाही, हे रस्ते वाहतुकीबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारांवर ठरतं. त्यातले दोन करार आज महत्त्वाचे आहेत: १९४९ चा जिनिव्हा करार आणि १९६८ चा व्हिएन्ना करार. भारत १९४९ च्या करारात आहे, त्यामुळे आपलं परमिट त्या नमुन्याचं असतं. व्हिएतनाम २०१४ मध्ये १९६८ च्या करारात सामील झाला आणि त्याच नमुन्याचं परमिट मानतो. दोन्ही परमिटं दिसायला सारखी, नावही सारखंच, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. जपानमध्ये याच्या बरोबर उलट: तिथे १९४९ च्याच नमुन्याचं परमिट चालतं, म्हणजे आपलं परमिट तिथे पूर्ण वैध. चीन या दोन्हींपैकी एकही मानत नाही, तिथे तात्पुरता चिनी परवाना काढावा लागतो. 'इंटरनॅशनल लायसन्स जगभर चालतं' असं कुणी सांगितलं तर आधी विचारा, कुठल्या देशात?

पोलिसांनी पकडलं तर दंड होईल, तो भरून सुटता येईल, असा हिशेब अनेकजण करतात. खरा धोका दंडाचा नाही. घाटात गाडी घसरून पायाचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, बिल लाखांत गेलं, तर प्रवास विम्याची कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते की त्या देशात ही गाडी चालवायचा वैध परवाना होता का. नसेल तर दावा तिथेच अडतो. समोरच्या माणसाला दुखापत झाली असेल तर त्याची भरपाई आणि फौजदारी प्रकरण वेगळंच. म्हणून परदेश दौऱ्याचे कागद गोळा करताना नाक्यावरचा पोलीस डोळ्यांसमोर ठेवू नका, अपघाताचा दिवस ठेवा. कुठला कागद का लागतो, ते मग आपोआप कळत जातं.

प्रश्न तीन आहेत आणि तिन्ही वेगवेगळे आहेत. तुम्हाला तिथे चालवता येतं का? गाडीला त्या देशात येता येतं का? आणि काही झालं तर पैसे कोण भरणार? बहुतेकांची तयारी पहिल्या प्रश्नावरच थांबते.

चालवणाऱ्याचे कागद

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट तुमच्या राहत्या भागाचा आरटीओ देतो. बेळगाव-खानापूरकडच्यांना केए-२२, निपाणी-चिक्कोडीकडच्यांना केए-२३, गोकाककडच्यांना केए-४९. अर्ज सारथी पोर्टलवर करायचा, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ परवाना त्याआधी संपत असेल तर परमिटही तेव्हाच संपतं, त्यामुळे परवान्याची मुदत आधी बघा. ऑगस्ट २०२२ पासून देशभर एकच नमुना आणि त्यावर क्यूआर कोड आला आहे. ऑनलाइन जाहिरातींत तीन-पाच वर्षं मुदतीची, घरपोच मिळणारी 'इंटरनॅशनल लायसन्स' दिसतात. त्यांना कुठल्याही कराराचा आधार नाही. भारतीय माणसाला हे परमिट भारतातला आरटीओच देतो.

परमिट हातात आलं की त्यातला 'ए' प्रवर्गाचा रकाना उघडून बघा. 'ए' म्हणजे मोटरसायकल, 'बी' म्हणजे कार. मूळ परवान्यावर गिअरची मोटरसायकल नोंदलेली असली तरच 'ए'वर शिक्का बसतो. नुसत्या कारच्या परवान्यावर परमिट काढून परदेशात दुचाकी चालवणं म्हणजे पुन्हा विनापरवानाच. आणि परमिट एकटं कधीच चालत नाही, ते मूळ परवान्याचं भाषांतर आणि दाखला आहे. दोन्ही सोबत लागतात आणि दोन्ही अस्सल लागतात. मोबाइलमधलं डिजिलॉकर आपल्याकडे चालतं, परदेशात नाही.

आमच्या भागात आणखी एक गुंता असतो, तो नावाचा. शाळेच्या दाखल्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. परवान्यावर नुसती आद्याक्षरं आणि आडनाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. त्यात २०१४ मध्ये शहराचं अधिकृत नाव बदललं, त्यामुळे जुन्या कागदावर बेळगाव आणि नव्यावर बेळगावी. गावाच्या नावावरून कुणी अडवत नाही, पण परवाना आणि पासपोर्ट यांतलं माणसाचं नाव जुळत नसेल तर भाड्याच्या काउंटरवर आणि विम्याच्या दाव्यात अडचण येते. दुरुस्ती निघायच्या दोन-तीन महिने आधी करून घ्या, तिकीट काढल्यावर नको.

देशागणिक रीत वेगळी. नेपाळ आणि भूतानमध्ये आपला साधा परवाना चालतो. नेपाळमध्ये शिरताना ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसाला तिथे आधार कार्डावर जाता येत नाही, आणि आमच्याकडून दोन हजार किलोमीटरच्या आसपास गाडी हाकून सीमेवरच्या सोनौलीला पोचल्यावर हे कळणं फार जिवावर येतं. श्रीलंकेत आपल्या परमिटावर तिथल्या यंत्रणेची मान्यता वेगळी घ्यावी लागते. जर्मनीत पर्यटकाला आपला परवाना सहा महिन्यांपर्यंत चालतो, सोबत भाषांतर हवं, आणि ते काम परमिट करतं.

गाडीचे कागद

स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी हा भाग सगळ्यात किचकट, तरी त्यामागचं तत्त्व सीमाभागातल्या माणसाला पटकन कळेल. निपाणीचा मुलगा केए-२३ ची गाडी घेऊन कोल्हापुरात नोकरीला जातो. रोज ये-जा केली तर कुणी काही म्हणत नाही. गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त तिथेच ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे महाराष्ट्रात नव्याने नोंदणी करावी लागते आणि तिथला कर भरावा लागतो. गाडी फिरायला आली आहे की राहायला, एवढाच राज्याचा प्रश्न असतो. देशाच्या सीमेवर कस्टमचा अधिकारी हाच प्रश्न विचारतो, फक्त तिथे आयात शुल्काची रक्कम मोठी असते आणि तोंडी उत्तरावर भागत नाही.

त्या उत्तराचा कागद म्हणजे कारने, पूर्ण नाव कारने द पासाज. हे गाडीचं एक पुस्तक असतं. प्रत्येक देशात शिरताना एका पानावर शिक्का, बाहेर पडताना दुसरा. गाडी त्या देशात विकली किंवा सोडून दिली तर शुल्क भरायची हमी कारने देणाऱ्या संस्थेवर येते. म्हणून ती संस्था तुमच्याकडून आधीच बँक हमी किंवा अनामत घेते, आणि ती रक्कम गाडीची किंमत व जायचे देश यांवर ठरते. आपल्याला सोयीची संस्था म्हणजे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन. पुस्तकाची मुदत एक वर्ष. इराणसारख्या देशात ते लागतंच. बाहेर पडतानाचा शिक्का राहून गेला तर कागदोपत्री तुमची गाडी अजून तिथेच आहे आणि अनामत अडकते. रांग कितीही मोठी असली तरी तो शिक्का घेतल्याशिवाय चौकी सोडू नका.

नेपाळला कारने लागत नाही. सीमेवरच्या भन्सार कार्यालयात, म्हणजे तिथल्या कस्टममध्ये, जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचं शुल्क भरून पावती घ्यायची. दिवस वाढले तर आधी वाढवून घ्यायचे. भूतानला गाडीचा वेगळा परवाना आणि भारतीय पर्यटकाला दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क. त्याचा हिशेब मुक्काम ठरवण्यापूर्वी करा, कारण चार मित्र आठ रात्री राहिले तर ३८,४०० रुपये नुसते तेच होतात.

गाडी वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं नोटरी केलेलं संमतीपत्र इंग्रजीत, कर्जावर असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र, आरसी बुक अस्सल आणि मागे 'आयएनडी' अक्षरांचा लंबगोल स्टिकर. याहून लांब, जमिनीवरून युरोपपर्यंत जायचं स्वप्न आमच्याकडे बरेचजण बघतात. ते जरूर बघावं, पण नकाशावरची रेघ आणि उघडा रस्ता यांत फरक असतो. २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमधून थायलंडला जाणं मोडलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तान सीमेवरची अटारीची चौकी बंद झाली. त्यामुळे गाडी जहाजाने पुढे पाठवणं किंवा तिकडेच भाड्याने घेणं, हेच बहुतेकांना परवडतं. पहिल्या दौऱ्याला तर मी भाड्याचीच गाडी सुचवेन.

विमा

आपल्या गाडीची पॉलिसी भारतापुरती असते. जादा हप्ता भरून ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान एवढ्या देशांपर्यंत वाढवता येते. तसं न करता नेपाळला गेलात तर तिकडच्या अपघाताशी तुमच्या कंपनीचा संबंध नाही. त्यापलीकडच्या देशांत सीमेवर स्थानिक तृतीय पक्ष विमा घ्यावा लागतो.

माणसाचा विमा वेगळा. साध्या प्रवास विम्यात दुचाकी चालवणं अनेकदा वगळलेलं असतं किंवा ठराविक सीसीपर्यंतच धरलेलं असतं. एजंट 'सगळं कव्हर आहे' म्हणतो, त्यावर जाऊ नका. ज्या गाडीने, ज्या देशात जाणार त्याचं नाव घालून ईमेलने विचारा आणि उत्तर लेखी घ्या. हेल्मेटचंही तसंच. आपल्या हेल्मेटवर आयएसआयचं चिन्ह असतं, युरोपात ईसीई मानांकन लागतं. दोन्ही चिन्हं असलेली हेल्मेटं आता आपल्याकडेही मिळतात. फ्रान्समध्ये २०१६ पासून मानांकित हातमोजे सक्तीचे आहेत आणि चमकणारं जाकीट जवळ ठेवावं लागतं.

रस्त्यावर

उजव्या बाजूने चालवण्याची धास्ती सगळ्यांना वाटते. प्रत्यक्षात गर्दीत चूक होत नाही, समोरच्याच्या मागे आपण आपोआप बरोबर जातो. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर. पेट्रोल भरून बाहेर पडताना, फोटो काढून पुन्हा निघताना, पहाटे हॉटेलच्या गल्लीतून, किंवा कुणी अचानक आडवं आल्यावर. अशा वेळी हात सवयीने गाडी डावीकडे नेतो. टाकीवर दिशेचा बाण चिकटवा आणि थांबून निघताना दर वेळी तो बघूनच क्लच सोडा. रात्रभराच्या विमान प्रवासानंतर त्याच दिवशी गाडी घेऊ नका. बाजूचा गोंधळ किती घातक ठरतो, याला म्यानमारचं उदाहरण बोलकं आहे: तिथे १९७० पासून वाहतूक उजवीकडून आहे, पण बऱ्याच गाड्यांचं स्टिअरिंगही उजवीकडेच, म्हणजे ओव्हरटेक करणाऱ्या चालकाला समोरचं दिसतच नाही. नेपाळ, भूतान, श्रीलंका, थायलंड, जपान, ब्रिटन इथे आपल्यासारखी डावी बाजू आहे. पहिल्या दौऱ्याला यातला देश निवडला तर डोक्यावरचं एक ओझं कमी होतं.

बाजूपेक्षा अवघड आहे तो 'आधी कोण' हा नियम. आपल्याकडे चौकात आधी कोण जाणार हे नजरेने ठरतं: मोठी गाडी, जास्त वेग, आधी पुढचं चाक घातलेला. जर्मनी, फ्रान्ससारख्या देशांत ते आधीच ठरलेलं असतं आणि समोरचा ते गृहीत धरून वेग कमी न करता येतो. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट. तुम्ही रुंद रस्त्यावर आहात आणि उजवीकडच्या बोळातून छोटी कार येते आहे, तरी थांबायचं तुम्ही. पांढऱ्या चौकटीची पिवळी, हिऱ्याच्या आकाराची पाटी दिसली तर मात्र तुमचा रस्ता मुख्य, त्यावर काळ्या रेघा आल्या की तो हक्क संपला. हे एवढं पाठ असलं तरी जर्मनीतल्या गावांतून निर्धास्त जाता येतं.

गंमत अशी की उजवीकडच्याला वाट देण्याचा नियम आपल्या १९८९ च्या रस्ता नियमांतही होता, आणि सर्कलमध्ये आधीच असलेल्याला प्राधान्य हे २०१७ च्या विनियमांत आहे. म्हणजे सराव इथे करता येतो. निघायच्या आधी दोन महिने बेळगावच्या चन्नम्मा सर्कलला, गोगटे सर्कलला आत असलेल्या गाड्यांना वाट देऊनच शिरायचं. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. उजव्या बाजूच्या देशांत सर्कल उलट्या दिशेने फिरतं आणि वाट डावीकडून येणाऱ्याला द्यायची असते, पण आत शिरण्याआधी थांबून बघायची सवय एकदा अंगात मुरली की दिशा बदलणं जमतं.

थांबा म्हणजे पूर्ण थांबा, चाक फिरायचं बंद आणि पाय जमिनीवर. जगभर अष्टकोनी लाल पाटी थांबा सांगते आणि उलटा त्रिकोण वाट द्या सांगतो. जपानमध्ये मात्र उलटा लाल त्रिकोण म्हणजेच थांबा. आपला माणूस तो बघून नुसता वेग कमी करतो आणि पकडला जातो. जपानमध्ये रेल्वे फाटक उघडं असलं तरी त्यापुढे थांबून, दोन्हीकडे बघूनच जायचं. टिळकवाडीच्या गेटवर फाटक वर जायच्या आत दोन्ही बाजूंच्या दुचाक्या अख्खा रस्ता भरून उभ्या असतात. ती सवय घेऊन तिकडे जाऊ नका. अमेरिकेत शाळेची बस लाल दिवे लुकलुकवत उभी असेल तर मागचे आणि समोरून येणारे दोघंही थांबतात.

मग तुंबलेल्या वाहतुकीतून मधून काढायची सवय. ब्रिटनमध्ये जपून केलं तर चालतं, कॅलिफोर्नियात कायद्याने मान्य आहे, जर्मनीत चालत नाही. जर्मनीच्या महामार्गावर कोंडी झाली की गाड्या दोन्हीकडे सरकून मध्ये रुग्णवाहिकेसाठी वाट करतात. ती मोकळी वाट बघून आपल्याला मोह होतो, पण त्यात दुचाकी घालणं गंभीर गुन्हा आहे. तिथे उजवीकडून ओव्हरटेक करत नाहीत, आणि पेट्रोल संपून थांबलात तरी दंड, कारण टाकी बघणं ही चालकाचीच जबाबदारी. दिव्याचा इशाराही उलटा लागतो. आपल्याकडे डिपर मारला म्हणजे 'मी येतोय', ब्रिटनमध्ये बहुधा 'तू जा'.

बुलेटचा सायलेन्सर बदलून घेणाऱ्यांनी ऑस्ट्रियातल्या टिरोलचं बघावं: तिथल्या काही घाटरस्त्यांवर २०२० पासून उन्हाळ्यात ९५ डेसिबलपेक्षा जास्त आवाजाची नोंद असलेल्या मोटरसायकलींना बंदीच आहे. काठमांडूत २०१७ पासून विनाकारण हॉर्न वाजवायला मनाई आहे. तिथे आठवडाभर राहिलं की परत आल्यावर खडेबाजारात कान किटतात.

दारूबद्दल थोडक्यात. भारतात मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, जर्मनीत ५०, इंग्लंडमध्ये ८०, व्हिएतनाममध्ये शून्य. नेपाळचे पोलीसही रात्री कडक तपासणी करतात. चालवायच्या दिवशी घेऊ नका, आकडे बघत बसायची गरज पडत नाही.

कॅमेऱ्याने टिपलेला दंड तिथल्या तिथे कळत नाही. भाड्याची कंपनी तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवते, त्याचं वेगळं शुल्क कार्डातून कापते आणि नोटीस काही महिन्यांनी घरी येते. इटलीच्या जुन्या शहरांत ठराविक वेळी बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेले भाग आहेत. पाटी न वाचता तीनदा आत-बाहेर केलं तर तीन नोटिसा. म्हणून गाडी परत देताना चारही बाजूंनी फोटो आणि किलोमीटरचा आकडा टिपून घ्या, पावती घ्या, आणि भाड्याचा करार वर्षभर तरी जपून ठेवा. नोटिशीतली तारीख आणि वेळ तुमच्या कराराच्या बाहेरची निघाली, तर ती गाडी तेव्हा दुसऱ्याकडे होती हे दाखवायला तोच कागद कामी येतो.